नावडतीचं मीठ



ज्या सरांच्या स्मरणार्थ पनवेलमध्ये ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवत. ताळा करून दाखवल्याशिवाय ते उत्तराला बरोबरची खूण देत नसत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे. माझा आजचा विषय गणिताच्या शेजारचाच आहे, त्यामुळे ताळ्याची सवय आपल्यालाही लागेल.

पनवेलहून ठाण्याला जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये घणसोली, रबाळे, ऐरोलीला उतरणारा एक मोठा घोळका असतो. पाठीला काळी सॅक, गळ्यात ओळखपत्र. यातले बरेच आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातले. जागा मिळाली की त्यांचं बोलणं सुरू होतं आणि त्यात एक विषय हमखास निघतो: कुठली प्रोग्रॅमिंगची भाषा चांगली आणि कुठली भिकार. जावा म्हणजे नुसती लांबण, पायथॉन म्हणजे पोरखेळ, जावास्क्रिप्टचं तर नावच काढू नका. जाणती, पगारदार माणसं या विषयावर इतकी हमरीतुमरीवर येतात की शेजारी बसलेल्या काकांना वाटावं, यांच्यात जमिनीचा वाद आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. प्रोग्रॅमर आपली भाषा निवडतो, ही आमची एक गोड समजूत आहे. भाषा यंत्र ठरवतं, अभ्यासक्रम ठरवतो, गिऱ्हाईक ठरवतं, पुष्कळदा फुकट काय मिळतं ते ठरवतं. आमच्या वाट्याला उरतो तो राग आणि लोभ. आणि रागाचं म्हणाल तर तो बहुतेक वेळा भाषेवरचा नसतोच. आपल्या आधी त्या खुर्चीत बसलेल्या माणसाने जे लिहून ठेवलं आणि जे आता आपल्याला निस्तरावं लागतंय, त्याच्यावरचा तो राग असतो. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, त्यातली गत.

भाषाभाषांत खरा फरक काहीच नसतो, असं मात्र माझं म्हणणं नाही. तो असतो आणि तो एका छोट्या गणितात दाखवता येतो. आठ माणसं एका रांगेत किती वेगवेगळ्या क्रमांनी उभी राहतील? एकपासून आठपर्यंतचे आकडे गुणत जायचं, उत्तर 40,320. हा प्रोग्रॅम पहिल्या वर्षाला प्रत्येक जण लिहितो. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कितीतरी वर्षं तो टर्बो सीच्या, म्हणजे सी भाषेतला मजकूर यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या एका कंपायलरच्या, निळ्या पडद्यावर लिहिला गेला. सात माणसांपर्यंत उत्तर बिनचूक यायचं, 5,040. आठ टाकले की पडद्यावर उमटायचं: उणे 25,216. माणसांच्या रांगा, त्याही उणे पंचवीस हजार!

मुलं चक्रावायची, काही जण सरळ वहीत 40,320 लिहून मोकळे व्हायचे. खरी भानगड अशी की टर्बो सी पूर्णांकाला 16 बिट जागा देत असे. त्यात 32,767 च्या वर आकडा मावत नाही. पुढे गेला की तो 65,536 ने मागे फिरतो. 40,320 मधून 65,536 वजा करा, ताळा जमतो. हल्लीचा जीसीसी हा कंपायलर 32 बिट देतो, त्यामुळे बारा माणसांपर्यंत गाडी रुळावर राहते: 47,90,01,600. तेराव्याला खरं उत्तर 6,22,70,20,800, पण पडद्यावर येतं 1,93,20,53,504. हे जास्त घातक. उणे आकडा निदान चुकलोय म्हणून ओरडून सांगत होता. हा सभ्य चेहऱ्याने खोटं बोलतो. पायथॉनला तेरा सांगा, तीस सांगा, तो जागा वाढवत जातो आणि खरं उत्तर देतो, फक्त सावकाश. रस्ट नावाच्या नव्या भाषेतला प्रोग्रॅम चाचणीच्या वेळी अशा ठिकाणी थांबून सांगतो की गुणाकार मावत नाही.

गणित एकच, पण प्रत्येक भाषेचा स्वभाव वेगळा. सी भाषा म्हणते, तुला कळतंय तू काय करतोयस, मी मध्ये पडणार नाही. पायथॉन म्हणतो, तू फक्त विचार कर, हमाली मी करतो. चुकीची जबाबदारी माणसावर किती टाकायची आणि यंत्रावर किती, याचं वाटप प्रत्येक भाषेने आपापल्या परीने केलेलं असतं. एखाद्या प्रोग्रॅमरला अमुक भाषा मनापासून आवडते तेव्हा त्याला ते वाटप आवडलेलं असतं. इथवर आवडनिवड समजण्यासारखी आहे.

पण मग टर्बो सीच का? बोर्लंड कंपनीने 1987 साली काढलेली ती वस्तू भारतभरच्या लॅबमध्ये पंचवीस वर्षांहून जास्त का टिकली? जगात सगळीकडे कंपायलर बदलले, विंडोज बदललं, नव्या 64 बिटांच्या यंत्रांवर टर्बो सी चालेना, तर आम्ही डॉसबॉक्स नावाच्या आवरणात गुंडाळून ती चालवली, पण सोडली नाही. तिच्यात लिहिताना ‘व्हॉइड मेन’ लिहायचं, जे प्रमाण सी भाषेत बसत नाही. पहिल्याच ओळीत पडदा पुसायचा, शेवटी ‘गेटच’ लिहून पडदा थोपवायचा. हे दोन्ही सी भाषेचे भागच नव्हेत, ती कंपायलरवाल्यांची पदरची भर. तरीही तोंडी परीक्षेत ते विचारलं जाई. ती टिकण्याचं कारण काय, तर ती दोन-चार फ्लॉप्यांत मावत असे, कितीही मरतुकड्या पीसीवर पळत असे, लॅमिंग्टन रोडवरून कुणी ना कुणी कॉपी आणलेलीच असे, आणि सरांच्या जर्नलमधले प्रोग्रॅम तिच्यावर तपासलेले होते. तिच्या जोडीला नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. व्हीजेटीआय आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेल्या या माणसाने सी भाषा अशा सोप्या, गप्पिष्ट इंग्रजीत उतरवली की मराठी माध्यमातून आलेल्या मुलालाही ती पेलली. आपल्या दोन-तीन पिढ्यांना सी ‘आवडते’ यात सीचं मूळ पुस्तक लिहिणाऱ्या कर्निहन आणि रिची यांचा वाटा जेवढा, तेवढाच मला कानेटकरांचा वाटतो. पहिली भाषा नीट समजावून सांगणारा भेटला तर ती भाषा जन्मभर गोड लागते, आणि पहिल्या भाषेत नापास झालेला माणूस तिला जन्मभर माफ करत नाही.

जरा मागे जाऊ. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली टिफरॅक हा संगणक सुरू झाला. आपल्या लोकांनी स्वतः बांधलेला. सुमारे 2,700 व्हॉल्व्ह, आणि स्मृती 2,048 शब्दांची. त्याच्यासाठी भाषा निवडायचा प्रश्नच नव्हता. यंत्राला कळणारे आकडे कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यायचे. मग 1964 मध्ये तिथेच सीडीसी 3600 हे अमेरिकी यंत्र आलं आणि त्याच्याबरोबर फोरट्रान. देशभरचे शास्त्रज्ञ पंच केलेल्या कार्डांचे गठ्ठे तिथे पाठवू लागले. ऐंशी रकान्यांचं कार्ड. विधान सातव्या रकान्यात सुरू करायचं आणि बहात्तराव्यात संपवायचं. कुणी आवडीने फोरट्रान घेतली नाही. यंत्र आलं, त्याच्यासोबत ती आली.

याचा पुढचा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. टाटा कन्सल्टन्सीची परदेशी कामांची सुरुवात झाली ती 1974 च्या सुमारास, बरोज कंपनीसाठी. काम होतं एका रुग्णालयाचे कोबोलमधले प्रोग्रॅम बरोजच्या एका यंत्राच्या कोबोलमधून दुसऱ्या यंत्राच्या कोबोलमध्ये नेण्याचं. गंमत अशी की आपल्या माणसांकडे बरोजचं यंत्रच नव्हतं, होतं आयसीएलचं. त्यांनी त्याच्यावर एका बोलीतून दुसऱ्या बोलीत कोड बदलून देणारा प्रोग्रॅम लिहिला आणि काम पुरं केलं. म्हणजे ज्या धंद्यावर आज पनवेल, खारघर, हिंजवडीतल्या हजारो घरांचे हप्ते फिटतात, त्याचं मूळ दुसऱ्याने लिहिलेला, दुसऱ्याच्या भाषेतला कोड नीट लावून देण्यात आहे. स्वतःच्या आवडीच्या भाषेत नवं काही रचण्यात नाही. आमच्या रागलोभांचं मूळही मला इथेच दिसतं.

कोबोलइतक्या शिव्या कुठल्याच भाषेने खाल्ल्या नसतील. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी तर 1975 मध्ये कोबोल शिकवणं हा फौजदारी गुन्हा ठरवावा, अशा आशयाचं लिहिलं होतं. ही भाषा 1959 साली अमेरिकेत ठरली, हिशेबनिसालाही वाचता यावी या हेतूने. त्यामुळे ‘मल्टिप्लाय मुद्दल बाय दर गिव्हिंग व्याज’ अशी पाल्हाळिक वाक्यं. तरुण प्रोग्रॅमरला त्याचं हसू येतं. येऊ द्या. पण त्याच तरुणाला पायथॉनमध्ये शून्य पूर्णांक एक अधिक शून्य पूर्णांक दोन करायला सांगा. उत्तर येतं 0.30000000000000004. यंत्र द्विमान पद्धतीत मोजतं आणि त्या पद्धतीत एक दशांश नेमका लिहिताच येत नाही, म्हणून शेवटी ही कणी राहते. शास्त्रज्ञाला तिचं काही वाटत नाही. बँकेत मात्र लाखो खात्यांवर रोज अशी कणी साठत गेली तर लेखापरीक्षकासमोर उभं राहायची पाळी येते. कोबोलमध्ये तुम्ही आधीच लिहून ठेवता की या रकमेत नऊ अंक रुपयांचे आणि दोन पैशांचे, आणि हिशेब दशमानातच होतो. पायथॉन आणि जावातही तशी सोय आहे, पण ती मुद्दाम मागवून घ्यावी लागते. कोबोलमध्ये ती घरचीच.

मग सन 2000 चं जे संकट आलं ते कोबोलचं नव्हतं का? वर्षाला दोनच अंक ठेवले, 99 नंतर 00 आलं आणि सगळी धावपळ. पण चार अंक ठेवायला कोबोलने कुणाला मनाई केली नव्हती. कार्डावर जागा नव्हती, स्मृती महाग होती, आणि लिहिणाऱ्याला वाटलं, हा प्रोग्रॅम तोवर कशाला टिकतोय! तो टिकला. नव्वदीच्या अखेरीस इथली कितीतरी पोरं तो तपासत बसली. रात्र रात्र दुसऱ्याचे दोन आकडे शोधत बसलेल्या पोरांनी शिव्या दिल्या त्या भाषेला.

आता आपल्या गावाजवळचं उदाहरण. रायगड जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत (नाव सांगत नाही) पिग्मीचा आणि कर्जाचा हिशेब फॉक्सप्रोवर होता. लिहिला होता एका बी.कॉम. झालेल्या हौशी गृहस्थांनी. दहा-पंधरा वर्षांनी ते सॉफ्टवेअर बदलायचं काम माझ्याकडे आलं. फॉक्सप्रो मला आवडत नव्हतं, हे आधीच कबूल करतो, आणि कोड पाहून तर माझं डोकंच फिरलं. चलांची नावं ‘अ1’, ‘अ2’, ‘टेंप’, ‘टेंपटेंप’. व्याजदर जागोजागी थेट आकड्यात लिहिलेला. एका फाइलमध्ये चालू आर्थिक वर्ष, दुसरीत मागचं, आणि एकतीस मार्चला काय चालवायचं ते एका वहीच्या मागच्या पानावर.

पण काम करता करता त्या गृहस्थांची बाजू समजत गेली. फॉक्सप्रोमध्ये ‘यूज’ म्हटलं की खातेवही उघडते, ‘ब्राउज’ म्हटलं की रकाने समोर दिसतात, ‘लोकेट फॉर’ म्हटलं की खातेदार सापडतो. आज्ञेची पहिली चार अक्षरं टाकली तरी चालतं. ज्याला हिशेब कळतो पण संगणकशास्त्र येत नाही, अशा माणसाला हातात धरता येईल असं ते हत्यार होतं. ते धारदारही होतं. ‘रिप्लेस ऑल’ लिहून पुढची अट घालायला विसरलात, तर साऱ्या खातेदारांची शिल्लक एका ओळीत सारखी. परत फिरायची सोय नाही. म्हणून ते रोज संध्याकाळी दोन फ्लॉप्यांवर प्रत काढत आणि एक घरी नेत. भाषेने जी काळजी घेतली नव्हती ती त्या माणसाने घेतली होती. पुढे मायक्रोसॉफ्टने, जिने 1992 मध्ये फॉक्स कंपनी विकत घेतली होती, 2007 साली जाहीर केलं की आता नवी आवृत्ती नाही. भाषेत खोट निघाली म्हणून ती मेली नाही. मालकाने दुकान बंद केलं. हजारो छोट्या संस्थांचे हिशेब तिच्यावर होते, पण त्यांना विचारतो कोण?

गुणी भाषेलाही नशीब लागतं. पुण्यात 1988 साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा राहिला. त्याच्या पोटात ट्रान्सप्युटर नावाच्या इंग्लंडमधल्या चिपा होत्या, एकमेकींशी बोलत एकाच वेळी काम करणाऱ्या. या चिपांसाठी खास एक भाषा घडवली होती, ऑकम. ‘सेक’ लिहिलं की खालची कामं एकामागून एक, ‘पार’ लिहिलं की सगळी एकदम. ओळ दोन जागा आत सरकवली की ती कुणाखालची हे कळतं. पायथॉनमध्ये जे लोकांना आज नवलाचं वाटतं ते ऑकममध्ये आधीच होतं. समांतर गणनेचा इतका स्वच्छ विचार फार थोड्या भाषांनी केला असेल. पण हवामान, तेलविहिरी, रेणूंची रचना यांवर काम करणाऱ्यांकडे फोरट्रानमध्ये लिहिलेल्या हजारो ओळी तयार होत्या, अनेक वर्षांच्या तपासलेल्या. त्या टाकून ऑकम कोण शिकणार? सी-डॅकला आपल्या पारस या प्रणालीत फोरट्रान आणि सीची सोय द्यावी लागली. पुढे ट्रान्सप्युटर मागे पडला आणि ऑकम त्याच्याबरोबर गेली. फोरट्रान मात्र जिथल्या तिथे. पुण्याच्या पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, 2018 मध्ये प्रत्युष हा महासंगणक आला. पावसाची जी गणितं अशा यंत्रांवर चालतात त्यांचा गाभा अजून फोरट्रानचाच आहे.

मराठी माणसाने भाषेला विचारायचा एक खास प्रश्न आहे, त्याचाही ताळा घेऊ. ‘पनवेल’ या शब्दाची लांबी किती? बालवाडीतलं मूल सांगेल चार. सी भाषा युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत मोजून सांगते पंधरा, कारण ती अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. जावा, जावास्क्रिप्ट आणि पायथॉन सांगतात पाच. ‘वे’वरची मात्रा ते वेगळी धरतात. ॲपलची स्विफ्ट सांगते चार. तोच शब्द पायथॉनमध्ये उलटा करा, ‘लेवनप’ येतो. मात्रा आपलं ‘व’ सोडून ‘ल’ला जाऊन चिकटते. मतदारयादीत, शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर नावाचे तुकडे झालेले आपण पाहतो, त्यातल्या काहींच्या मुळाशी हाच घोळ असतो. पायथॉनची तिसरी आवृत्ती 2008 च्या डिसेंबरात आली तेव्हा जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालेनात आणि जगभर बोंब झाली. ती मोडतोड व्हायचं एक मोठं कारण मजकूर आणि बाइट वेगळे करणं हे होतं. इंग्रजीत काम करणाऱ्याला तो नसता उपद्व्याप वाटला. देवनागरीवाल्याने खरं तर पेढे वाटायला हवे होते, पण आमच्यातल्या बऱ्याच जणांनीही इंग्रजीवाल्यांच्या सुरात सूर मिसळला. कारण कंपनीचं काम इंग्रजीत, आणि राग तोही उसना.

जावास्क्रिप्टबद्दल थोडक्यात आटोपतो. ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना 1995 मध्ये दहा दिवसांत केला, आणि ते दिसतं. ‘11’ हा मजकूर असेल आणि त्यात एक मिळवला तर 111 होतात, एक वजा केला तर 10. ब्राउझरमध्ये तीच चालते म्हणून सारं जग ती लिहितं. पीएचपी आपल्याकडच्या छोट्या वेबसाइटवाल्यांत पसरली कारण स्वस्तातल्या होस्टिंगवर तीच मिळे.

भाषा कुठली याइतकंच ती कशी शिकवली यावरही पुष्कळ अवलंबून असतं. मुंबईच्या आयआयटीत अभिराम रानडे यांनी पहिल्या वर्षाला सी++ शिकवताना कासव आणलं. पडद्यावर कासव चालतं, वळतं, रेघ काढतं, आणि ‘रिपीट’ म्हटलं की तेच पुन्हा करतं. कल्पना जुनी, लोगो या भाषेतली, पण सी++सारख्या उग्र भाषेच्या दारात त्यांनी ती आणून ठेवली. भाषा तीच, तिच्यात शिरायची वाट बदलली. हे पाहिल्यावर मला वाटतं की ‘मुलांना कुठली भाषा शिकवावी’ या वादात आपण जेवढी वर्षं घालवली, त्यातली निम्मी तरी कसं शिकवावं यात घालवायला हवी होती.

माणूस आपल्या भाषेसाठी इतका भांडतो का, याचं एक साधं कारण आहे, ते आम्ही चारचौघांत बोलत नाही. एखाद्या भाषेत पाच-सात वर्षं घातली की तिचे कानेकोपरे, तिच्या खोड्या, तिच्या चुकांचे संदेश तोंडपाठ होतात. ती आमची पुंजी. कुणी म्हणालं की ही भाषा आता संपली, तर आम्हाला ऐकू येतं की तुझी पुंजी संपली. चाळिशीतल्या, गृहकर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला पोराच्या वयाच्या सहकाऱ्याने नव्या भाषेचे गोडवे सांगितले तर तो तिच्यातल्या खोड्या का शोधू लागतो, हे वेगळं सांगायला नको.

आणि आता यंत्रच कोड लिहू लागलंय. काही जण म्हणतात, भाषेचा वाद मिटला, मराठीत सांगा काय हवं ते, कोड तयार. वाद मिटला असं मला दिसत नाही. ही यंत्रं शिकतात ती आधी लिहिलेल्या मजकुरावर. पायथॉन आणि जावास्क्रिप्टचा मजकूर जगात ढिगाने, म्हणून त्यांत ती पटाईत; कमी लिहिलेल्या भाषांत अडखळतात. मग नवा मुलगा साहजिकच यंत्राला येणारी भाषा घेतो, तिच्यात आणखी मजकूर जमतो, आणि यंत्र तिच्यातच आणखी तरबेज होतं. उद्या आपल्याच एखाद्या मुलाने सगळ्यांहून शहाणी भाषा घडवली, जी तेरा माणसांच्या रांगा बरोबर मोजते, पैसे दशमानात मोजते आणि पनवेलची अक्षरं चार सांगते, तरी तिच्यात काही लिहिलेलं नाही म्हणून ती यंत्राला येणार नाही, आणि यंत्राला येत नाही म्हणून तिच्यात कुणी लिहिणार नाही. ऑकमला निदान एक चिप तरी मिळाली होती.